मांजर आजारी पडण्याआधी: जर्मनीतल्या मराठी घरांसाठी

शुक्रवारी संध्याकाळचे सहा वाजले, की जर्मनीत मांजराचं आजारपण महाग होतं. पशुवैद्यांचं शुल्क इथे सरकारी नियमावलीने ठरतं. 22 नोव्हेंबर 2022 पासून लागू असलेल्या या नियमावलीला सगळे तिच्या आद्याक्षरांवरून ‘गे-ओ-टे’ म्हणतात. मांजराची सर्वसाधारण तपासणी आणि सल्ला यांचा त्यातला एकपट दर 23 युरो 62 सेंट, आणि 19 टक्के कर धरून 28 युरो 11 सेंट. कामाच्या स्वरूपानुसार डॉक्टर तिपटीपर्यंत आकारणी करू शकतात. हीच तपासणी शुक्रवारी सहानंतर, शनिवार-रविवारी, सणाच्या सुट्टीत किंवा रात्री ‘नोटडीन्स्ट’ म्हणजे तातडीच्या सेवेत झाली, तर किमान दुप्पट दर लागतो. शिवाय 50 युरो तातडीचं शुल्क वेगळं. करासह हिशेब कमीत कमी 115 युरो 72 सेंटवर जातो, आणि तोपर्यंत सलाइन, रक्ततपासणी, एक्स-रे यांपैकी काहीच झालेलं नसतं.

जर्मनीत दीड कोटीहून अधिक पाळीव मांजरं आहेत, कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. म्युनिक, फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट, बर्लिन इथल्या मराठी घरांतही आता मनी आणि बोके दिसू लागले आहेत. गावाकडे वाड्यात, गोठ्यात मांजर आपलं आपण जगायचं. त्याला डॉक्टरकडे नेण्याची पद्धत फारशी नव्हती. इथल्या फ्लॅटमधलं मांजर मात्र पंधरा-अठरा वर्षं घरातलं माणूस होऊन राहतं. या वर्षांतली बरीच दुखणी टाळता येतात, काही वेळेत पकडता येतात. त्यासाठी लागतो तो वेळापत्रकाचा नेम आणि रोजची चौकस नजर.

दुखणं लपवणारा प्राणी

मांजर दुखणं दाखवत नाही. ते शिकारी आहे, तसंच मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही आहे, आणि अशक्तपणा लपवणं त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे ‘कण्हत नाही म्हणजे बरं आहे’ हा अंदाज फसतो. दाढ दुखणारं मांजरही जेवतं, फक्त एका बाजूने चावतं. सांधे दुखणारं मांजर लंगडत नाही, फक्त खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायचं सोडून देतं.

म्हणून घरच्यांनी तीन गोष्टी नेमाने पाहाव्यात. पहिली, वजन. महिन्यातून एकदा मांजराला उचलून घेऊन काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं; पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर भांड्यात बसवावं. चार किलोच्या मांजराचं वजन 400 ग्रॅमने घटलं, तर ती शरीराच्या दहा टक्के घट असते. डोळ्यांना ती दिसत नाही, काट्याला दिसते. दुसरी गोष्ट, वाळूचा ट्रे. लघवीचे गोळे अचानक मोठे किंवा जास्त झाले, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी. तिसरी, श्वास. गाढ झोपलेल्या मांजराची छाती मिनिटाला तीसपेक्षा कमी वेळा वरखाली व्हायला हवी. आकडा सतत त्यापुढे जात असेल, तर डॉक्टरांना फोन करावा.

दोन प्रसंगी मात्र सोमवारची वाट पाहू नये. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो; एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, चोवीस तास काहीच खाल्लं नसेल, तर यकृतात चरबी साठून ते निकामी होण्याचा धोका असतो. अशा वेळी 115 युरोंचा विचार बाजूला ठेवावा.

पिल्लू घरी येतं तेव्हा

पिल्लू आईपासून बारा आठवड्यांच्या आधी तोडू नये, असं जाणकार सांगतात. या काळात ते आईकडून आणि भावंडांकडून खेळणं, नखं आवरणं, ट्रे वापरणं शिकतं. पिल्लू ‘टिअरहाइम’ म्हणजे प्राणी-आश्रमातून आणलं, तर त्याची तपासणी आणि वयानुसार लसी सहसा झालेल्या असतात. मोठं मांजर बहुधा चिप आणि नसबंदीसह मिळतं. आश्रम ठरावीक शुल्क घेतो आणि करारावर सही मागतो. इंटरनेटवरच्या जाहिरातीतलं, रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये हातात ठेवलं जाणारं स्वस्त पिल्लू टाळावं. त्याची आई दाखवायला नकार मिळाला, तर तिथेच व्यवहार थांबवावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना घरमालकाची धास्ती असते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 20 मार्च 2013 रोजी निकाल दिला, की भाडेकरारातली ‘कुत्री-मांजरं सरसकट मनाई’ ही छापील अट वैध ठरत नाही. तरी मालकाला आधी विचारणं, त्याचं उत्तर लेखी घेणं शहाणपणाचं.

घरी आल्यावर पहिल्या काही दिवसांतच पिल्लाला डॉक्टरांकडे न्यावं. चांगला डॉक्टर टेबलावर काय करतो, हे एकदा लक्ष देऊन पाहावं. तो आधी पिल्लाला खोक्यातून बाहेर यायला वेळ देतो. मग वजन घेतो, ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहतो, हिरडी बोटाने दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतो. कानात डोकावतो, हृदयाचे ठोके ऐकतो, दोन्ही हातांनी पोट चाचपतो, शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून पिसवांची काळी विष्ठा शोधतो. सगळं उरकायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तपासलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहायला सांगावी. पुढच्या वर्षी तुलना करायला ती उपयोगी पडते.

आहाराचा प्रश्न याच भेटीत सोडवावा. मराठी घरात मांजर म्हटलं की दूधभात आठवतो. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही, आणि भातावर मांजर जगत नाही. मांजर मांसाहारीच आहे. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातून मिळावंच लागतं. ते कमी पडलं तर हृदय फुगून दुबळं होतं आणि दृष्टी जाते. 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदयविकाराशी असलेलं हे नातं दाखवून दिल्यावर मांजराच्या तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं. शाकाहारी घरांनीही मांजराला त्याचं संपूर्ण खाद्य द्यावं. डब्यावर ‘आलाइनफुटर’, म्हणजे एवढ्यावर भागणारं खाद्य, असं लिहिलेलं पाहून घ्यावं. कच्ची कोंबडी देऊ नये. 2006 च्या फेब्रुवारीत बाल्टिक समुद्रातल्या रूगन बेटावर एक मांजर बर्ड फ्लूने मेलेलं आढळलं होतं, आणि 2023 मध्ये पोलंडमध्ये अनेक मांजरं त्याच विषाणूने दगावली, तेव्हा संशयितांत कच्चं मांस होतं.

लसीचं वेळापत्रक

रूगनपासून जवळच, ग्राइफ्सवाल्डसमोरच्या रीम्स या छोट्या बेटावर फ्रीडरिश लोफ्लर संस्था आहे. लोफ्लर आणि पाउल फ्रोश यांनी 1898 मध्ये गुरांच्या लाळ-खुरकूत रोगाचं कारण जिवाणूहून सूक्ष्म आहे हे दाखवलं. प्राण्यांतला तो पहिला ओळखलेला विषाणू. लोफ्लर यांची संस्था 1910 मध्ये या बेटावर उभी राहिली, चाचण्यांतला रोग आसपासच्या गोठ्यांत पसरू नये म्हणून. आज जर्मनीतली पशुवैद्यकीय लसीकरण समिती याच संस्थेच्या छत्राखाली काम करते, आणि इथल्या डॉक्टरांचं वेळापत्रक तिच्या शिफारशींवर बेतलेलं असतं.

प्रत्येक मांजराला दोन आजारांविरुद्ध संरक्षण हवंच. एक ‘काट्सनझॉयशं’, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. जुलाब, उलट्या, पांढऱ्या पेशींचा नाश, आणि पिल्लांत मृत्यूचं प्रमाण फार. दुसरा ‘काट्सनश्नुपफन’, म्हणजे हर्पीस आणि कॅलिसी विषाणूंमुळे होणारी मांजरांची सर्दी. नाव साधं, पण तोंडात व्रण, डोळ्यांना इजा आणि आयुष्यभर परत परत उसळणारा त्रास मागे ठेवणारा आजार.

पिल्लाला आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात लस द्यावी, आणि पंधराव्या महिन्यात चौथी. चार डोस का, याचं कारण आईच्या दुधात आहे. त्यातली प्रतिपिंडं पिल्लाचं रक्षण करतात, पण लसीलाही निकामी करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. टप्प्याटप्प्याने लस दिली, की त्यातला एक तरी डोस नेमका लागू पडतो. शेवटचा डोस मात्र लोक विसरतात. मोठ्या झालेल्या, खेळणाऱ्या मांजराला पाहून ‘आता कशाला’ असं वाटतं. तो चुकवू नये.

त्यानंतर पॅनल्यूकोपेनियाची लस साधारण तीन वर्षांनी एकदा पुरते. सर्दीची लस बाहेर फिरणाऱ्या मांजराला दरवर्षी लागते. घरातच राहणाऱ्या मांजरासाठी अंतर डॉक्टर ठरवतात. बाहेर जाणाऱ्या मांजरांना ल्यूकेमिया विषाणूचीही लस द्यावी, पण आधी रक्ताची चाचणी करून. ज्याला लागण झालेली आहे, त्याला तिचा फायदा होत नाही.

‘आमचं मांजर घराबाहेर पाऊलही टाकत नाही’ हे खरं असलं, तरी माणसं टाकतात. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू बाहेरच्या वातावरणात महिनोन् महिने तग धरतो आणि बुटांच्या तळव्याला चिकटून घरात येतो.

रेबीजचं गणित थोडं वेगळं. कोल्ह्यांमधला शेवटचा रुग्ण 2006 मध्ये सापडल्यावर 2008 पासून जर्मनी वटवाघळांचा अपवाद सोडता रेबीजमुक्त मानली जाते. घरात राहणाऱ्या मांजराला म्हणून ही लस सक्तीची नाही. पण सीमा ओलांडायची असेल, अगदी शेजारच्या ऑस्ट्रियात जायचं असेल, तरी चिप, रेबीजची लस आणि युरोपीय महासंघाचा निळा प्राणी-पासपोर्ट हे तिन्ही लागतं. बारा आठवड्यांच्या आधी ही लस चालत नाही, आणि पहिल्या लसीनंतर 21 दिवस थांबावं लागतं.

जंत, पिसवा आणि गोचीड

पिल्लाला गोलकृमी आईच्या दुधातूनच मिळतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी जंतनाशक द्यावं, दूध सुटल्यानंतर आणखी दोन आठवडे. मोठ्या मांजराला ते किती वेळा द्यायचं, हे त्याच्या दिनक्रमावर ठरतं. युरोपातल्या परजीवीतज्ज्ञांची मंडळी बाहेर फिरणाऱ्या मांजराला वर्षातून किमान चारदा जंतनाशक सुचवतात. उंदीर खाणाऱ्याला पट्टकृमीसाठी दरमहा लागू शकतं. घरातल्या मांजराला वर्षातून एक-दोनदा पुरतं, किंवा त्याऐवजी विष्ठेची तपासणी करावी.

जर्मनीत घरं हिवाळ्यातही उबदार असतात, त्यामुळे पिसवांना सुट्टी नसते. गोचीड हवा पाच-सात अंशांवर गेली तरी हालचाल करतात. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांचा हंगाम धरून चालावं. गोचीड चिमट्याने, कातडीलगत पकडून सरळ ओढून काढावी. तेल, तूप, मलम काही चोळू नये.

इथे एक सावधगिरी ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे. कुत्र्यांच्या मानेवर टाकण्याच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही. एका थेंबनळीने झटके येऊन मांजर मरू शकतं. औषध घेण्याआधी डब्यावर मांजराचं चित्र आणि मांजराच्या वजनाचा गट आहे ना, हे पाहावं. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर कुत्र्याला असं औषध टाकल्यावर दोघांना एकत्र झोपू देऊ नये.

गर्भवती स्त्री असलेल्या घरात टोक्सोप्लाझ्माची भीती वाटते आणि मांजर देऊन टाकण्याची भाषा सुरू होते. त्याची गरज नसते. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेली बीजं लागण करण्याइतकी पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ केला, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी केलं, तर धोका फार कमी होतो. न धुतलेली भाजी आणि अर्धकच्चं मांस यांपासून जपणंही तितकंच महत्त्वाचं.

नसबंदी आणि चिप

मांजरी चार-सहा महिन्यांतच गाभण राहू शकते. म्हणून नसबंदी त्याआधी उरकलेली बरी; नेमकं वय डॉक्टरांशी ठरवावं. जर्मनीत भटक्या, आजारी मांजरांची संख्या मोठी आहे, आणि त्यांची सुरुवात बहुतेक वेळा बाहेर सोडलेल्या, नसबंदी न केलेल्या पाळीव मांजरांपासून झालेली असते. पाडरबोर्न शहराने 2008 मध्ये बाहेर फिरणाऱ्या मांजरांसाठी नसबंदी, ओळख आणि नोंदणी सक्तीची केली. 2013 मध्ये प्राणी-संरक्षण कायद्यात राज्यांना असे नियम करण्याचा अधिकार मिळाला, आणि पुढे शेकडो गावं-शहरं त्या वाटेने गेली. बर्लिनमध्ये हा नियम 2022 पासून आहे. आपल्या गावात काय लागू आहे, हे नगरपालिकेच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावं.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. मानेच्या डाव्या बाजूला सुईने कातडीखाली सोडतात. तिच्यात फक्त पंधरा आकड्यांचा क्रमांक असतो, मालकाचं नाव नसतं. त्यामुळे चिप बसवून नोंदणी न करणं म्हणजे अर्धंच काम. टासो आणि जर्मन प्राणी-संरक्षण संघाची फिंडेफिक्स या दोन्ही संस्था मोफत नोंदणी करतात. घर बदललं, फोन बदलला, की तिथेही बदलावा.

घरातले धोके

जर्मन खिडकीची मूठ वर फिरवली की ती वरून आत झुकते. हवा खेळती राहते म्हणून ‘किपफेन्स्टर’ सगळ्यांना आवडतं, आणि दरवर्षी त्यात मांजरं अडकतात. मांजर वरच्या फटीतून बाहेर जायला बघतं, घसरतं, आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या फटीत कंबरेशी रुतून बसतं. सुटायला धडपडलं की आणखी खाली सरकतं. मागच्या पायांचा रक्तपुरवठा आणि नसा दाबल्या जातात. असं मांजर सोडवल्यावर चालताना दिसलं, तरी थेट दवाखान्यात न्यावं. रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावरचा धक्का नंतर येतो. दोन्ही बाजूंच्या फटींना आणि वर लावायच्या जाळ्या बांधकाम-साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतात. बाल्कनीला जाळी लावण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी.

ईस्टरच्या सुमारास फुलांच्या गुच्छात लिली असते. तिचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजराच्या मूत्रपिंडाला घातक. मांजर असलेल्या घरात लिली आणूच नये. पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेनही तसंच. कांदा-लसूण रक्तपेशी फोडतात, म्हणून रस्सा, चिकनचा मसाला, फोडणीचं पातेलं चाटायला देऊ नये. कापूर, निलगिरी तेल, टी-ट्री तेलही दूर ठेवावं.

भारतवारी

भारत युरोपीय महासंघाच्या यादीतल्या देशांत नाही. म्हणून तिथून मांजर आणायचं असेल, तर चिप, मग रेबीजची लस, किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी, पातळी मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं, असा क्रम आहे. मे महिन्यात आणायचं ठरवलं, तर तयारी आदल्या डिसेंबरात सुरू हवी. जर्मनीतलं मांजर भारतात नेऊन परत आणायचं असेल, तर ही रक्तचाचणी निघण्याआधी इथेच करून पासपोर्टमध्ये नोंदवावी. मग परतताना तीन महिने थांबावं लागत नाही, फक्त रेबीजची लस खंडित होऊ देऊ नये.

बहुतेक घरं मांजराला इथेच ठेवून जातात, आणि तेच त्याला सोसतं. मांजरांच्या वसतिगृहात लसींची पूर्ण नोंद मागतात. वसतिगृहाकडे पशुवैद्यकीय कार्यालयाचा परवाना आहे का, हे विचारावं. प्राणी-संरक्षण कायद्याने तो लागतो.

सात वर्षांनंतर

सातव्या वर्षापासून तपासणीत रक्त, लघवी आणि रक्तदाब यांची भर घालावी, आणि दहाव्या-अकराव्या वर्षानंतर भेटी वर्षातून दोन कराव्यात. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार आणि थायरॉइडचा अतिरेक वारंवार आढळतो. दोन्ही औषध-पथ्याने आवरता येतात, पण लवकर सापडले तर. दातांच्या मुळांचा विरघळण्याचा विकारही सामान्य आहे आणि अतिशय वेदनादायक. बाहेरून दिसत नाही, दंत-एक्स-रेत दिसतो.

दवाखाना ठरवताना

वाट पाहण्याची खोली कुत्र्यांपासून वेगळी आहे का, रात्रीच्या वेळी फोन कुठे वळवला जातो, हे पहिल्याच भेटीत विचारावं. गंभीर आजारासाठी बर्लिन, गीसन, हानोफर, लाइप्त्सिश आणि म्युनिक या पाच विद्यापीठांची पशुवैद्यकीय रुग्णालयं आहेत. विमा घेणार असाल, तर मांजर तरुण आणि निरोगी असतानाच घ्यावा, कारण आधीपासूनचा आजार कंपन्या सहसा वगळतात.

खोका मात्र दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढू नये. तो वर्षभर खोलीत उघडा ठेवावा, आत मांजराचं पांघरूण आणि अधूनमधून खाऊ टाकावा. वरचं झाकण निघणारा खोका असेल, तर तपासणी त्याच्या तळातच होते, ओढाताण टळते.

आज करायचं इतकंच: लसीची वही काढून शेवटची तारीख पाहावी, चिपची नोंदणी आपल्या सध्याच्या पत्त्यावर आहे का तपासावं, जवळच्या नोटडीन्स्टचा क्रमांक फ्रिजवर लावावा, आणि पुढची वेळ कामाच्या दिवशी, सकाळची, घ्यावी.